चाळीस शून्यं

ज्या साली माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि माझी सख्खी थोरली बहीण त्या लग्नाला आली नाही, त्या सालची ही गोष्ट. लग्न पंचवीस जूनला होतं. आई गेल्यावर मला आक्कानंच वाढवलं, म्हणून तिच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. ती खुर्ची तशीच राहिली. ना आक्का आली, ना दाजी, ना दोन ओळींचं पत्र. बायको म्हणाली, काहीतरी अडचण असेल, चौकशी करा. मी म्हणालो, अडचण असती तर दाजींनी पत्र टाकलं असतं, त्यांचा हात काही मोडला नाही. चारचौघांत बोललो, आणि चारचौघं हसले.

मग मी रुसलो. साठीकडे झुकलेला माणूस लहान पोरासारखा रुसून बसला. ठरवलं, आता आपणही पत्र लिहायचं नाही. पत्र लिहिता येणं ही तेव्हाही माझ्यासाठी नवलाईची गोष्ट होती, त्यामुळे न लिहिण्यातही एक तोरा होता.

मी पीकपाण्याच्या कचेरीत होतो. तिथं मला चिकटवलं ते दाजींनीच, पहारेकरी म्हणून. देशाचे अकरा शेतीपट्टे होते. प्रत्येक पट्ट्यात ठिकठिकाणी पावसाची ठाणी. ठाण्यावर पत्र्याचं एक नळकांडं जमिनीत रोवलेलं, आत काचेची बाटली. ठाणेदार रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी मोजायचा आणि पत्रकात आकडा भरायचा. पत्रकाच्या तळाला शेतातल्या पिकाची हालत लिहायची : उत्तम, बरी, मध्यम, वाईट किंवा गेली. दर दहा दिवसांनी पत्रक आमच्याकडे यायचं, छापील पत्त्याच्या लिफाफ्यातून. तिकिटाचीसुद्धा गरज नव्हती. सगळी पत्रकं एका मोठ्या वहीत उतरवायची, बेरजा मारायच्या, आणि त्यावरून भिंतीवरचा नकाशा रंगवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पाणी, चारा, धान्य, डॉक्टर जे काही असेल ते ताबडतोब पाठवा. वरचे लोक आकडे वाचत नसत. नकाशा बघत.

दाजी पठाराच्या पट्ट्यातले ठाणेदार होते, एकोणीस वर्षं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. पाऊस नसेल त्या दिवशी ते रकान्यात शून्य काढायचे, गोल गरगरीत. नकाशा रंगवणारा आमचा रंगारी म्हणायचा, तुमच्या दाजींची शून्यं बघून तहान भागते.

मला अक्षरं शिकवली ती या रंगाऱ्यानंच, जेवणाच्या सुट्टीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तोवर पगाराच्या कागदावर माझा अंगठा असायचा. रंगारी माझ्या हातात पेन्सिल द्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, गप्प बसा, आमचं बाळ अभ्यास करतंय. मी हसण्यावारी न्यायचो, पण आत लागायचं. पुढे वाचता-लिहिता आलं, आकडे जमायला लागले, आणि वही उतरवणारा कारकून निवृत्त झाला तेव्हा आकडेवारीच्या बाईंनी ती वही मला दिली. त्या वयानं माझ्या थोरल्या लेकाएवढ्या, मला काका म्हणायच्या. रंगारी त्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागला.

वही देताना बाईंनी एक नियम सांगितला होता. पत्रकात रकाना रिकामा असेल तर आकडा मिळाला नाही असं समजायचं. मग त्या जागी मागच्या दहा वर्षांची सरासरी भरायची, म्हणजे बेरीज अडत नाही. पिकाची हालत लिहिली नसेल तर मागच्या पत्रकातली पुढे ओढायची. आणि हे सगळं पेन्सिलनं. पेन्सिलचा आकडा दिसला की बाई त्या ठाण्याला तार करून विचारणार होत्या, पण ते माझ्या कानांवरून गेलं.

मला वाटलं, पेन्सिल मी नवशिका आहे म्हणून सांगताहेत, खाडाखोड करता यावी म्हणून. मी मनात म्हणालो, बाई, माझ्याकडून खाडाखोड होत नाही. पेन्सिल हातात धरायची नाही असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी सगळं शाईनं लिहीत गेलो, आणि सुबक लिहीत गेलो. बाई बेरजा मारायच्या आणि वहीचं कौतुक करायच्या.

ऑगस्टच्या चार तारखेला जावई घरी आले. लग्नानंतर पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे घरात नुसती धावपळ. ते मालट्रक चालवतात. दुपारी पंगत बसली तेव्हा बोलता बोलता म्हणाले की येताना पठारावरून आलो. झाडांना पाला राहिला नाही, लोकांनी ओरबाडून जनावरांना घातलाय. रस्त्याच्या कडेनं बायका रिकामी भांडी डोक्यावर उलटी धरून उभ्या असतात, ट्रक आला की सुलटी करून पुढे करतात.

मी हसलो. जावईबापू, रस्ता चुकला असाल, म्हणालो. पठार यंदा हिरवं आहे. आमच्या भिंतीवर टांगलंय, येऊन बघा. मी स्वतः आकडे भरलेत. बायकोही हसली, म्हणाली, यांच्या वहीपुढे डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही हो.

 जावयांनी उठून खुंटीवरच्या सदऱ्यातून काहीतरी काढून आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. माझ्या करंगळीएवढं होतं, वाळलेलं, पानात गुंडाळलेलं.

"मामा, हे मक्याचं कणीस आहे," ते म्हणाले. "अख्ख्या शेतात फिरून सगळ्यात मोठं निवडलंय."

मी ते उचलून सोललं. आत सात दाणे होते. मोजले म्हणून सांगतो.  मी विचारलं, हे कुठल्या गावचं? त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते आक्काच्या गावाच्या अलीकडचं गाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. मीच कुलूप काढलं. वही काढली, पठाराचं पान उघडलं. त्या पट्ट्यात म्हणायला तीन ठाणी. एक ठाणं दोन वर्षांपासून बंद पडलेलं. दुसऱ्याचं नळकांडं कुणीतरी उपटून नेलेलं, दूध मोजायला नेलं असं रंगारी म्हणायचा. राहिलं एक, दाजींचं. म्हणजे अख्खा पट्टा एका दाजींच्या हातावर उभा होता. पानावर आकडे होते. बारा, नऊ, चौदा, सात. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, ओळीला ओळ लावून. पिकाची हालत : बरी, बरी, बरी, बरी.

मला आठवेना की हे आकडे पत्रकातून उतरवलेत की सरासरीचे आहेत. शाईत काय कळणार. दोन्ही सारखेच दिसत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पेन्सिल कशासाठी होती.  बाई आल्या तरी मी तसाच उभा होतो. त्यांनी विचारलं, काका, बरं नाही का? मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. पेन्सिल धरायची लाज वाटली, हेसुद्धा सांगितलं.

 बाईंनी कपाटातून पत्रकांचा गठ्ठा काढला आणि पठाराची शेवटची चार टेबलावर मांडली. एकवीस जूनपासून एकतीस जुलैपर्यंत. एकूण एक्केचाळीस दिवस. चारही पत्रकं कोरी. तारखा छापील, बाकी काही नाही. खाली सहीच्या जागी प्रत्येकावर एक जांभळट डाग. हे डाग मी आधी पाहिले होते. टपालात कुणाचातरी मळका हात लागला असेल असं वाटलं होतं.

बाईंनी एक पत्रक उचलून खिडकीशी नेलं.

"काका," त्या म्हणाल्या, "हा डाग नाही. हा अंगठा आहे."

मी पाहिलं. रेघा दिसत होत्या. वरच्या बाजूला एक आडवी चीर होती. आक्काच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळा लागला होता, मला भाजी चिरून देताना. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कागदावर अंगठा उठवला, आणि बहिणीचा अंगठा मला ओळखू आला नाही.  रंगारी तोवर आला होता.  त्यानंच मला खुर्चीत बसवलं.

बाई अजून पत्रकंच बघत होत्या. तिसऱ्या पत्रकात सोळा जुलैच्या रकान्यात एक बारीक ठिपका होता, शाईचा. माशी बसल्यासारखा. एवढ्या चाळीस रिकाम्या रकान्यांत तेवढाच एक.

"यांनी रकाने रिकामे सोडलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "जे होतं तेच भरून पाठवलंय."

त्या तशाच पत्रकं घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या, मला बरोबर घेऊन. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण वहीवरून दर दहा दिवसांनी निघणारी पत्रिका छापून वर गेली होती. तिच्यावरून पाण्याचे टँकर आणि चारा तिसऱ्या आणि नवव्या पट्ट्याकडे निघालाही होता. एक पट्टा चुकला म्हणून कळवलं तर उरलेल्या दहांवर कोण विश्वास ठेवील, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या पत्रिकेत दुरुस्ती करू, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

त्या खोलीत मी पाणी नेऊन ठेवण्यापलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, दहा दहा करत एक्केचाळीस झालेत," मी म्हणालो. "तो अंगठा माझ्या बहिणीचा आहे."

साहेबांनी पत्रक हातात घेतलं आणि तो अंगठा उजेडाकडे धरून बघितला. म्हणाले, जीप न्या. पण मला मोजलेले आकडे पाहिजेत, ठाण्यावरून सही करून आणलेले. कोरे रकाने वर पाठवले तर टँकर सोडा, मलाच घरी पाठवतील. आकडे आणा, त्याच दिवशी टँकर सोडायला लावतो.

सहा तारखेला पहाटे निघालो. बाई, मी आणि जीपचा ड्रायव्हर. दिवसभर प्रवास करून पठाराच्या पायथ्याशी मुक्काम केला आणि सात तारखेला सकाळी वर चढलो. वर आल्यावर ड्रायव्हरनं गाडीचा वेग आपोआप कमी केला.   दोन्ही बाजूंना मका होता, म्हणजे मक्याचे बुंधे होते, गुडघ्याएवढे, राखेच्या रंगाचे. वारा आला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज व्हायचा. बाईंनी मांडीवर नकाशा उलगडला होता. त्या एकदा नकाशाच्या हिरव्याकडे बघायच्या, एकदा बाहेर. मग त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवून दिला.

गावात शिरलो तेव्हा आठला पाच कमी होते. नळकांडं देवळामागच्या मोकळ्या जागेत. आक्का तिथंच होती. पाठमोरी. आधी मला ती ओळखूच आली नाही, कुणीतरी वाळकी म्हातारी वाटली. ती कुणाची तरी वाट बघावी तशी उभी होती. ती घड्याळाची वाट बघत होती. दाजींचं मनगटी घड्याळ तिच्या मुठीत होतं. काटे तिला वाचता येत नसत, पण आठ वाजताची त्यांची ठेवण तिला पाठ होती. आठ झाले तशी ती खाली बसली, झाकण काढलं, बाटली उपसली आणि उजेडाकडे धरली. मग पालथी केली. काही पडलं नाही. बाटली पदरानं पुसून परत ठेवली. सगळं दाजी करायचे तसंच.

मी हाक मारली. ती वळली. मला वाटलं रडेल, नाहीतर रागावेल.

"आलास का बाबू," ती म्हणाली. "मी म्हटलंच होतं सगळ्यांना. भाऊ बसलाय तिथं, येईल म्हणून."

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. तो घरी गेल्यावर कळला. एकवीस जूनला, लग्नाच्या तयारीचं गाठोडं बांधलेलं असताना, दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. शाळेचे मास्तर सुट्टीला गेले ते परतले नव्हते. दुकानदाराला लिहिता येत होतं, पण पत्रकाला ठाणेदाराशिवाय दुसऱ्याचा हात लागता कामा नये हा दाजींचा एकोणीस वर्षांचा नियम. घरातली म्हणून आक्का तेवढी चालत होती. मग तीच रोज बाटली बघायला लागली. पाणी नसायचं. पाणी नाही तर लिहायचं काय? दहा दिवस झाले की खाली अंगठा उठवायचा आणि छापील लिफाफ्यात घालून बसवाल्याकडे द्यायचं. मला निराळं पत्र तिनं कुणाकडून लिहवून घेतलं नाही, अंगठा बघून मला सगळं कळेल असं तिला वाटत होतं. एकदाच, सोळा जुलैला, तळाशी थेंब दिसले. मोजण्यासारखे नव्हते. तिनं टाकाच्या टोकानं एक थेंब काढला.

जुलैच्या मध्यावर विहिरी गाळावर आल्या. गावातली माणसं निघायच्या बेतात होती. सामान बांधून झालं होतं. आक्कानं त्यांना थांबवलं. म्हणाली, पत्रकं माझ्या भावाच्या टेबलावर जातात. तो आता लिहा-वाचायला शिकलाय. माझा अंगठा त्याला कळेल. कोरा कागद बघून पाण्याची सोय करून देईल. लोकांनी तिच्या शब्दावर सामान सोडलं. गाळलेलं गढूळ पाणी पीत थांबले.

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला माझ्याबद्दल अभिमान वाटत होता. मी काय केलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. मी बाईंकडे बघितलं. बाई दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. सरासरी म्हणजे काय हे तिला समजवायला वेळ लागला. शेवटी मी म्हणालो, आक्का, तुझ्या रिकाम्या रकान्यांत मी मागल्या वर्षांचा पाऊस भरला.



"तू पाऊस भरलास?" तिनं विचारलं. "आपल्या मनानं?"

मी मान हलवली.  तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पाहुण्यांसाठी काढलेला, तळाला चारपाच घोट. तो तिनं माझ्यापुढे केला नाही. परत नेऊन ठेवला. मला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

आतल्या खोलीत दाजी पडून होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. आठवड्यापासून पोट बिघडलं होतं, गावात बऱ्याच जणांचं बिघडलं होतं. मला बघून त्यांच्या घशातून आवाज निघाला. डावा हात उचलून ते बोटानं अंथरुणावर काहीतरी काढायला लागले. गोल, पुन्हा गोल, पुन्हा गोल. आक्का दारातून म्हणाली की झटका आल्यापासून हे असंच चाललंय, पत्रक लिफाफ्यात घालायला घेतलं की जास्तच. मी समजते तहान लागली, भांडं मागताहेत. भांडं नेलं की ढकलून देतात, आणि असलं नसलं पाणी सांडतं.

मी खाली बसलो आणि त्यांचं बोट धरलं.

"शून्य," मी म्हणालो. "दाजी, शून्य लिहा म्हणता ना?"

त्यांनी डोळे मिटले. हात सैल पडला. दीड महिना हा माणूस एकच गोष्ट सांगत होता आणि त्या घरात ती वाचता येणारं कुणी नव्हतं. ज्याला वाचता येत होतं तो रुसून बसला होता.

मग काम केलं. बाईंनी चार नवी कोरी पत्रकं काढली. नियमाप्रमाणे आकडे ठाण्यावर, ठाण्याच्या माणसासमोर भरायचे. मी दाजींच्या उशाशी बसलो. आक्का समोर बसली. मी एकेक तारीख वाचायचो, ती नाही म्हणायची, मी शून्य काढायचो. एकवीस जून, नाही. बावीस जून, नाही. बाईंनी दोनदा म्हटलं, काका, सगळी एकदम काढा ना, वेळ जातोय. पण आक्का ऐकेना. तिला प्रत्येक दिवस आठवत होता. या दिवशी ढग होते पण गेले. या दिवशी वारं सुटलं. या दिवशी शेजारची गाय पडली. सोळा जुलै आला तेव्हा मी थांबलो.

"थेंब होते," ती म्हणाली.

मी विचारलं, शून्यच धरू का? मोजता आले नाहीत ना?

"होते ते लिही," ती म्हणाली. "उगाच कमी करू नकोस."

बाईंनी सांगितलं तसं मी लिहिलं : थेंब पडले, मोजता आले नाहीत. मग पुढचे दिवस. चाळीस शून्यं झाली. पिकाच्या हालतीपुढे चारही ठिकाणी 'गेली' लिहिलं. आक्कानं अंगठा उठवला, मी शेजारी माझी सही केली. बाई पत्रकं घेऊन जीपमध्ये बसल्या. जवळचा फोन खाली बाजाराच्या गावात होता, दोन तासांवर. जाताना त्यांनी जीपमधला पाण्याचा कॅन आणि दोघांचे डबे उतरवून ठेवले. मी मागेच राहिलो.

साहेबांनी शब्द पाळला. त्याच संध्याकाळी नकाशा उतरवला गेला. रंगाऱ्यानं हिरव्यावर लाल लावून पाहिला, तर मातकट काहीतरी झालं. मग त्यानं कोरा कागद घेऊन अकराच्या अकरा पट्टे नव्यानं काढले आणि पठार सगळ्यात आधी रंगवलं, असं मला नंतर कळलं. वरून हुकूम निघाला. पण टँकर तिसऱ्या आणि नवव्या पट्ट्यात पोचले होते. तिथून रिकामे होऊन परत फिरणार, भरणार, घाट चढणार. आठ तारीख गेली, नऊ गेली.

ते दिवस मी विहिरीवर काढले. पोहरा सोडायचा, घटकाभर थांबायचं, वर ओढायचा. अर्धा गाळ, अर्धं पाणी. फडक्यातून गाळायचं, उकळायचं, थंड करून दाजींच्या तोंडात चमच्यानं घालायचं. जळण भरपूर होतं, मक्याचे बुंधे. आक्का माझ्याशी कामापुरतं बोलायची. हे आण, ते धर. गावातल्या कुणाला तिनं काही सांगितलं नाही. लोक मला येऊन नमस्कार करायचे. एक म्हातारा म्हणाला, तुमच्या बहिणीनं आम्हाला सांगितलंच होतं. मी खाली मान घालून पोहरा ओढत राहिलो. सकाळी आठ वाजता आक्का घड्याळ घेऊन निघायची. नऊ तारखेला तिनं पहिल्यांदा बाटली माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडे धरली, पालथी केली, पुसली. पत्रकात शून्य काढलं. तिनं ते नीट निरखून बघितलं, आणि तसंच एक शून्य बोटानं मातीत काढून पाहिलं.

दहा तारखेला सकाळी आम्ही ठाण्यावरून परत आलो तेव्हा दाजींचा हात अंथरुणाबाहेर लोंबत होता. आक्कानं तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. मी पाणी तापवत ठेवलं होतं ते चुलीवरून उतरवलं.

पहिला टँकर बारा ऑगस्टला दुपारी गावात आला. त्याआधी सुताराची आई एकतीस जुलैला गेली, आणि शेजारच्या घरातली चार महिन्यांची मुलगी पाच ऑगस्टला, ज्या दिवशी मी वही उघडून बघत होतो. माझे दाजी, पठाराच्या ठाण्याचे ठाणेदार, दहा ऑगस्टला सकाळी सव्वाआठच्या सुमाराला वारले.